देवाचं पाकीट

गेल्या महिन्यात माझ्या भाचीचं लग्न झालं, नगरला. (आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय पण आमच्या तोंडी नगरच येतं.) पाळकसाहेबांनी संदेशासाठी बायबलमधलं उपदेशक 4:12 घेतलं होतं, "तीनपदरी दोरी सहसा तुटत नाही". आपल्या मराठी ख्रिस्ती लग्नांमध्ये हे वचन किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही, आमच्या स्वतःच्या लग्नात पण हेच होतं आणि पत्रिकेवर पण छापलं होतं. एक पदर नवरा, एक बायको आणि तिसरा प्रभू. सगळे आमेन म्हणाले, मग जेवणं, फोटो, पाठवणी.

आठवडाभराने भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, सगळे सांगतात देवाला पहिलं स्थान द्या, आम्ही रोज रात्री सोबत प्रार्थना करतोय, पण पहिलं स्थान द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं गं? तू कसं केलंस?"

मी तिला म्हटलं उद्या बोलू, गॅसवर दूध आहे. दूध खरंच होतं, पण कारण ते नव्हतं. लग्नाची पहिली आठ वर्षं मी देवाला पहिलं ठेवते असं मला अगदी मनापासून वाटायचं, आणि त्या आठ वर्षांत मी माझ्या नवऱ्याला जेवढं दुखावलं तेवढं ते देवाच्याच नावाने दुखावलं. हे फोनवर दोन मिनिटांत कसं सांगणार, म्हणून आज बसून लिहितेय.

माझं माहेर नगरचं. 1831 ला अमेरिकन मराठी मिशनने तिथे काम सुरू केलं, त्यामुळे आमच्याकडे पाच-सहा पिढ्यांचे ख्रिस्ती लोक सहज भेटतात, आमचं घर त्यातलंच. रोज संध्याकाळी आठला कौटुंबिक प्रार्थना, एक गीत, एक अध्याय, मग सगळ्यांनी गुडघ्यावर. पाहुणे असले तरी. यांचं घर राहुरीकडचं. ख्रिस्तीच, पण नाताळ, ईस्टर आणि कुणाचं लग्न-मयत असेल तर चर्च, एवढंच. सासरे लवकर गेले, सासूबाईंनी दुसऱ्याच्या शेतात खुरपून दोन मुलं वाढवली, रविवारी सुद्धा मजुरी असली तर जावंच लागायचं. हे मला लग्नाआधी माहीत होतं, पण ते काय असतं हे मी समजून घेतलं नव्हतं.

लग्नानंतर आम्ही पिंपरीला आलो, हे चाकणला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मी पहिल्या महिन्यापासूनच घराला माझ्या माहेरासारखं वळण लावायला घेतलं. प्रार्थना आठला म्हणजे आठला, आणि सेकंड शिफ्ट असली की हे रात्री साडेबाराला दमून आले तरी मी जागी राहून पवित्र शास्त्र उघडून बसलेली असायची, आणि यांनी डोळे मिटले की ते प्रार्थनेसाठी मिटलेत की झोप लागलीय ते मी बघायची. शुक्रवारी उपास-प्रार्थना, महिला मंडळाची सेक्रेटरी, संडे स्कूल, सगळीकडे मी. आणि हे चर्चमध्ये शेवटच्या बाकावर. ते शेवटच्या बाकावर बसतात याची मला लाज वाटायची, मी ते प्रार्थनेच्या ग्रुपवर विनंती म्हणून पण टाकलं होतं एकदा, "माझ्या पतीच्या आत्मिक वाढीसाठी प्रार्थना करा". त्यांनी ते कुणाच्या तरी फोनवर वाचलं. काहीच बोलले नाहीत.

दशांशाचं माझ्याकडे होतं. पगार आला की दहावा भाग आधी काढून पाकिटात, वर माझ्या अक्षरात तारीख आणि "दशांश", आणि ते पाकीट कपाटात पवित्र शास्त्राच्या मागे. किराणा नंतर, भाडं नंतर. ही सवय चांगलीच आहे, आजही म्हणते.

मग 2020 आलं. मार्चमध्ये लॉकडाऊन, चर्च बंद, उपासना मोबाईलवर. यांचा पगार अर्धा झाला, चौदा हजार हातात यायचे. तरी मी दरमहा 1,400 बाजूला काढत होते आणि चर्च बंद म्हणून पाकिटं साठत होती. एप्रिल ते जुलै चार पाकिटं, 5,600 रुपये. अशा काळात पण आम्ही देवाचा वाटा चुकवला नाही याचं मला फार समाधान होतं.

ऑगस्टमध्ये सासूबाई पावसात ओट्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. एक्सरे, प्लास्टर, औषधं, गाडी करून नेणं-आणणं. दिरांचं काम तर पूर्णच बंद होतं. हे माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पाकिटातले दे, पगार झाला की परत टाकतो."

मी म्हटलं, "ते आपले नाहीत, देवाचे आहेत."

ते म्हणाले, "आईचा हात मोडलाय गं."

आणि मी, हे लिहिताना आजही हात थांबतो, मी त्यांना मत्तय 10:37 ऐकवलं. "जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही." अख्खं वचन, तोंडपाठ.

ते कपाटासमोर उभे होते. पाकिटं कुठे आहेत ते त्यांना माहीत होतं, हात घातला असता तर घेता आले असते. घेतले नाहीत. कंपनीतल्या एका मित्राकडून उसने घेतले, जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास काढला आणि भर पावसात बाईकवर दीडशे किलोमीटर राहुरीला गेले. चार दिवसांनी परत आले, भिजलेला रेनकोट बाल्कनीत वाळत घातला, जेवले. रात्री मी प्रार्थनेला बसले तेव्हा ते दुसऱ्या खोलीत जाऊन झोपले. त्या दिवसापासून पुढे जवळजवळ महिनाभर ते प्रार्थनेला बसले नाहीत आणि मी सगळ्यांना सांगत होते की सैतान आमच्या घरावर हल्ला करतोय.

तेव्हा मी सकाळी मार्कचं शुभवर्तमान क्रमाने वाचत होते, रोज एक अध्याय. एक दिवस सातवा आला. हात धुण्यावरून परूशी लोक (धर्माचे नियम कडक पाळणारे यहुदी) येशूला विचारतात तो. तो मी शंभर वेळा वाचला असेल पण मधली वचनं नुसती डोळ्यांखालून गेलेली. येशू त्यांना म्हणतो, मोशेने सांगितलं आईबापाचा मान राख, आणि तुम्ही मात्र असं चालवून घेता की माणसाने आईला किंवा बापाला म्हणावं, माझ्याकडून तुला ज्याचा उपयोग झाला असता ते "कुर्बान" आहे, म्हणजे देवाला अर्पण केलंय, आणि मग त्याला आईबापासाठी काहीच करावं लागत नाही. असं करून तुम्ही देवाचं वचन रद्द करता.

कुर्बान. म्हणजे माझं पाकीटच. एक्सरेचे पैसे मागितले आणि मी म्हटलं कुर्बान.

मी चहाचा कप हातात घेऊन तशीच बसून राहिले, चहावर साय आली. मला वाटत होतं मी देवाच्या बाजूने आहे आणि हे आईच्या बाजूने. त्या अध्यायात देव आईच्या बाजूने उभा होता आणि मी समोर, परूशांच्या रांगेत.

मग त्या मत्तय 10:37 चं काय? हे मला पुढे खूप दिवस छळत होतं, कारण ते पण येशूचंच वाक्य आहे, ते काही खोडता येत नाही. मला यात आमच्या नगरच्याच टिळकांचं उदाहरण उपयोगी पडलं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार, नातलग, जात सगळं तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई पण दुरावल्या. ख्रिस्त की घर, असा प्रश्न खरोखर समोर उभा राहिला आणि त्यांनी ख्रिस्ताला निवडलं. ते वचन अशा वेळेसाठी आहे, जेव्हा आपलीच माणसं म्हणतात त्याला सोड. पण लक्ष्मीबाईंनी त्यांच्या आत्मचरित्रात, स्मृतिचित्रांत, पुढचं पण लिहिलंय. त्या नवऱ्याकडे परत राहायला आल्या तेव्हा मनाने ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं, आणि टिळक तसेच त्यांच्यासोबत राहिले. 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या स्वतःच्या मनाने. मधली पाच वर्षं त्या माणसाने काय सोसलं असेल. आणि मी माझ्या नवऱ्याला शेवटच्या बाकावरून पुढे आणायला पाच महिने पण थांबायला तयार नव्हते.

माझ्या सासूबाई कुणालाही ख्रिस्त सोड म्हणत नव्हत्या. त्यांचा हात मोडला होता. ज्या येशूने "माझ्यापेक्षा आईवर अधिक प्रीती" म्हटलं त्याच येशूने वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, आपल्या आईची सोय लावली. "पाहा, ही तुझी आई." योहान 19. जो शिष्य तिथे उभा होता त्याने तिला आपल्या घरी नेलं.

अजून एक गोष्ट तेव्हाच दिसली. "पहिल्याने त्याचे राज्य व त्याचे नीतिमत्त्व मिळवण्यास झटा", मत्तय 6:33, हे आपल्याकडे घराघरात भिंतीवर असतं, आमच्याकडे पण आहे. पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एक पान मागे, 5:24 ला पण "प्रथम" आहे. तू आपलं दान वेदीजवळ आणलंस आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, प्रथम त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. म्हणजे देव स्वतःच म्हणतोय की माझं दान थोडं थांबू दे. वेदीपर्यंत आलेल्या माणसाला तो घरी परत पाठवतोय. मी दोन्ही वचनं एकाच पेनाने अधोरेखित केलेली होती आणि कधी शेजारी ठेवून वाचली नव्हती.

त्या दिवशी हे फर्स्ट शिफ्टवरून चार वाजता आले. मी चहा दिला आणि म्हटलं, "अहो, माझं चुकलं. पैशाचं चुकलंच, पण ते वचन मी तुम्हाला मारलं, ते जास्त चुकलं." मला अजून बरंच बोलायचं होतं, मार्कचं, कुर्बानचं, सगळं. ते म्हणाले, "आईला फोन लाव."

मी लावला. सासूबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं, यांनी सांगितलंच नव्हतं! मला वाटत होतं राहुरीत सगळ्यांना कळलंय, मी वाईट ठरलेय. मी रडत रडत त्यांना स्वतःच सांगितलं की आई, पैसे घरात होते आणि मी दिले नाहीत. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हात बसला आता माझा पोरी. परवा भाकरी थापली. तू माझ्यासाठी प्रार्थना करती ना, मला ठावं हाय." आणि खरं म्हणजे त्या पूर्ण महिन्यात मी त्यांच्या हातासाठी एकदाही प्रार्थना केली नव्हती.

त्या रात्री हे प्रार्थनेला आले. मी म्हटलं आज तुम्ही करा. त्यांनी चार वाक्यं म्हटली असतील, आईचं नाव घेतलं, ज्याने उसने दिले त्या मित्राचं नाव घेतलं, तो ख्रिस्ती नाही, त्याच्या पण घरी पगार अर्धाच होता. मी आठ वर्षं लांब लांब प्रार्थना करत होते आणि हा माणूस मनात कुणाकुणाला घेऊन बसलेला असतो हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं, कारण बोलत मीच असायचे.

तर भाचीला मी दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली मग आता तुम्ही काय वेगळं करता? वेगळं फार काही नाही गं. प्रार्थना आहे, पण वेळ शिफ्टप्रमाणे, थर्ड शिफ्ट असली तर सकाळी चहासोबत. एक दिवस ते करतात एक दिवस मी. महिला मंडळाची सेक्रेटरी मी सोडली नाही, पण आठवड्यातल्या कुठल्या संध्याकाळी बाहेर जायचं ते यांना विचारून ठरवते. एखादं वचन मनात आलं की आधी ते मला लागू होतं का बघते, यांना ऐकवायची घाई करत नाही, आणि हे मला अजूनही सगळ्यात अवघड जातं. ग्रुपवर नवऱ्याबद्दल काही टाकत नाही. भांडण झालं तर ते मिटल्याशिवाय प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यायचं नाही असं आम्ही ठरवलंय, दोनदा असं झालं की रविवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच बोलून मिटवलं आणि पहिलं गीत चुकलं. चुकू दे. आणि दशांश अजून पहिलाच काढतो, पण दोघं मिळून, आणि कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर काय करायचं ते पण दोघं मिळून, देवाला विचारून ठरवतो.

भाचीने शेवटी विचारलं, त्या 5,600 चं काय झालं मावशी?

त्यातले आधी त्या मित्राचे दिले. मग हळूहळू, पगार पूर्ववत झाला तसे, यांनी एकेक करून पाकिटं भरून काढली, मी आठवण केली नव्हती. 16 नोव्हेंबरला सरकारने प्रार्थनास्थळं उघडली आणि पुढच्या रविवारी आम्ही आठ महिन्यांनी चर्चमध्ये पाय ठेवला, मास्क लावून, एका बाकावर दोघंच. दानाची पिशवी फिरवायची नव्हती म्हणून दारात डबा ठेवला होता. यांनी खिशातून एकच जाड पाकीट काढून त्यात टाकलं. टाकताना मी बघितलं, त्यावर "दशांश" आणि तारीख यांच्या अक्षरात होती, आणि खाली आम्हा दोघांची नावं आणि आईचं नाव.