बिननावाचा माथा : तिसरी खेप

रविवारी माथा गाठला! खेड तालुक्यात, जगबुडीच्या खोऱ्यात, रसाळगड-सुमारगड-महिपतगडाच्या रांगेतून फुटलेल्या एका दांडावरचा (दांड म्हणजे डोंगराची उतरत जाणारी सोंड) हा झाडीभरला डोंगर. नकाशावर नाव नाही, नुसता उंचीचा आकडा. वाडीपासून साधारण ४५० मीटर चढ, त्यातल्या शेवटच्या १२० मीटरला सव्वादोन तास लागले.

नोव्हेंबरात पऱ्याने, म्हणजे ओढ्याच्या घळीतून, गेलो होतो. पऱ्यात झाडोरा कमी, म्हणून मोह होतो. वर सरळसोट कातळ आडवा आला. १:५०,००० च्या नकाशात कंटूर (समान उंचीच्या रेषा) २० मीटरच्या फरकाने काढलेले असतात, त्यामुळे १५ मीटरचा कडा दोन रेषांमध्ये सहज लपून जातो. डिसेंबरात खाजकुइलीने, म्हणजे अंगाला खाज आणणाऱ्या वेलीच्या शेंगांनी, परतवलं. वाडीत येऊन हातांना शेण चोळलं तेव्हा कुठे आग कमी झाली. त्याच दिवशी वाडीतले काका म्हणाले, "पऱ्यात कशाला शिरता? दांडाने जा. आम्ही गुरं तिकडूनच न्यायचो."

म्हणून या वेळी दांड. वनखात्याच्या हद्दीची चौकशी आधीच करून घेतली होती. ढोरवाट अर्ध्यावर विरली आणि पुढे डोक्याच्या वर कारवीची दाट झुडपं. उतारावरची कारवी खाली झुकलेली असते, चढताना तिची टोकं थेट तोंडावर येतात. चष्मा हवाच. फुलून गेलेली, वाळलेली कारवी हातात काडकन मोडते, तिच्या भरवशावर वजन टाकू नका. मुळाशी धरलेली ओली कारवी मात्र माणूस पेलते. कोयती कमरेच्या आकडीला होती, पण फारशी काढली नाही. अंग तिरकं करून सरकत गेलं की वाट मिळते, आणि जंगलही जसंच्या तसं राहतं.

मग अंजनीच्या झाडांची दाट सावली लागली आणि कारवी संपली. पायाखाली नुसता पाचोळा, गव्याचं ताजं शेण, आणि वरून लोंबणारी गारंबीच्या वेलीची हातभर लांब शेंग. तिची एक बी पडलेली मिळाली: तपकिरी, चपटी, गुळगुळीत, तळहातात मावणारी. बराच वेळ हातात धरून बसलो, मग तिथेच ठेवली. माथ्यावरून काहीही दिसत नाही. झाडीत जीपीएसची उंची सारखी हलत होती, म्हणून चारही दिशांना जमीन उतरेपर्यंत चालून पाहिलं आणि मगच माथा मानला.

खरी परीक्षा उतरताना झाली. चढताना सगळे दांड एकाच माथ्याला मिळतात, उतरताना तेच दांड फुटत जातात, आणि झाडीत फाटा कळतच नाही. आम्हाला होकायंत्राच्या २४० अंशांवर, म्हणजे नैर्ऋत्येपेक्षा थोडं पश्चिमेकडे, उतरायचं होतं. दुपारी तीनचा सूर्य समोर हवा होता, तो डाव्या गालावर यायला लागला. होकायंत्र काढलं तर आम्ही उत्तरेकडच्या खोऱ्यात निघालो होतो. तोवर ८० मीटर उतरलो होतो. ते परत चढायला चाळीस मिनिटं गेली. चढताना वाटेच्या खुणेसाठी बांधलेल्या फिती नेमक्या त्या फाट्यावरच नव्हत्या. आता प्रत्येक फाट्यावर वर जातानाच मागे वळून बघायचं, फीत बांधायची आणि उतरताना सोडून आणायची.

पुढची खेप फेब्रुवारीत, वणवे लागायच्या आत. याच माथ्यावरून पूर्वेच्या खिंडीत उतरून रांगेला लागायचं आहे. त्या उताराची माहिती वाडीत विचारून ठेवली आहे. पाणी माणशी चार लिटर, वर कुठेही मिळालं नाही.