फायरफॉक्स एकच, बिऱ्हाडं तीन

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स हा ब्राउझर एकदाच टाकलाय, पण राहतात त्यात तिघं. एक ऑफिसचा, निळ्या थीमचा, शिस्तीतला. दुसरा माझा, काळा, अर्धवट वाचलेल्या टॅबनी गच्च भरलेला. तिसरा आईचा: मेनू मराठीत, अक्षरं ही एवढाली, उघडला की समोर पंचांग. एकाचे पासवर्ड, कुकीज, बुकमार्क दुसऱ्याच्या खिडकीत येत नाहीत. गवळी एकच असला तरी घरोघरचा चहा वेगळाच लागतो, तसं.

करायचं फारसं काही नसतं. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' लिहून उघडणाऱ्या पानावर नवं प्रोफाइल, म्हणजे नवं बिऱ्हाड, काढायचं आणि शॉर्टकटमध्ये 'हायफन पी' (-P) लिहून त्यापुढे त्याचं नाव द्यायचं. प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर मिळतो. फोल्डरच्या नावाआधी आठ अगम्य अक्षरं चिकटलेली असतात, ती कुणी पाठ करू नयेत. 2019 साली 67 वी आवृत्ती आली, तेव्हापासून नाइटलीसारखं (ही फायरफॉक्सची चाचणीतली आवृत्ती) दुसरं इन्स्टॉलेशन आपलं प्रोफाइल आपणहून वेगळं ठेवतं. माणसांची वाटणी मात्र आपल्यालाच करावी लागते.

खरी गंमत त्या फोल्डरातल्या प्रेफ्स डॉट जेएस या फाइलमध्ये आहे. फायरफॉक्सच्या हजारो सेटिंग्ज तिथे सापडत नाहीत. जिथे मूळ सेटिंग बदललेली असते, तेवढ्याच ओळी. (काही बदल फायरफॉक्स स्वतःच करून ठेवतो, ते सोडा.) म्हणजे ही आपल्या हट्टांची यादीच! आईच्या फाइलीत अक्षरांचा आकार आणि मुखपृष्ठ सोडलं तर तिच्या हातचं जवळजवळ काही नाही; तिचं कंपनीशी भांडणच नाही. माझी फाइल वाचताना मात्र मला माझाच कंटाळा येतो. हे बंद, ते बंद, अॅनिमेशन नको, सूचना नकोत. इतकं नकोच होतं, तर ब्राउझर घेतलाच कशाला?

या फाइलीच्या माथ्यावरच बजावलंय की हिला हात लावू नका. फायरफॉक्स चालू असताना काही बदललंत, तर बंद होताना तो आपलंच म्हणणं पुन्हा लिहून ठेवतो. ज्याला हातानंच लिहायचंय, त्यानं शेजारी युजर डॉट जेएस ठेवावी. दर वेळी सुरू होताना ती वाचली जाते आणि तिचं म्हणणं प्रेफ्समध्ये उतरतं. मी तिन्ही घरांत एकच युजर फाइल ठेवून पाहिली. आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अरे, माझी ती हलणारी चित्रं कुठे गेली?"

तिच्या युजर फाइलीतली अॅनिमेशन बंद करणारी ओळ खोडली. चित्रं तरी हलेनात, कारण प्रेफ्समध्ये उतरलेला हुकूम तसाच राहतो. अबाउट कॉन्फिग या सेटिंग्जच्या पानावर जाऊन ती सेटिंग मूळपदावर आणली, तेव्हा कुठे पंचांगावरचा गणपती पुन्हा कान हलवू लागला.