भाकरीसाठी आलेली माणसं

सध्या बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचते आहे, आणि पहिल्याच अध्यायात सैतानाच्या एका प्रश्नाने मला अडवून धरलं आहे. ईयोब देवाचं भय फुकट बाळगतो का, असं तो देवालाच विचारतो. त्याच्या घरादाराभोवती तू कुंपण घातलं आहेस, ते काढून घे आणि मग बघ तो काय म्हणतो. सैतानाच्या तोंडचा असला तरी प्रश्न खरा आहे, म्हणून तर देव तो उडवून लावत नाही.

प्रार्थनासभेत विनंत्या विचारल्या की भराभर हात वर होतात. आजार, नोकरी, मुलांची परीक्षा, अडलेलं लग्न. उपकारस्तुतीची वेळ आली की आवाज तुरळक होतात. यावरून विश्वासणाऱ्यांना स्वार्थी म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलेली आहे. मागणं हे पाप असतं तर त्याने ते आपल्या ओठांवर ठेवलंच नसतं.

देवाने ते कुंपण काढू दिलं, आणि ईयोबाची सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, सात मुलगे आणि तीन मुली गेल्या. मग आले मित्र. त्यांचं म्हणणं सरळ व्यवहाराचं होतं: चांगला वागलास तर चांगलं मिळेल, वाईट झालं आहे म्हणजे तू कुठेतरी चुकला आहेस. ईयोब मात्र तक्रार करतो, भांडतो, देवाला जाब विचारतो, पण देवाशी बोलणं सोडत नाही. शेवटी देव म्हणतो की माझ्याविषयी बरोबर बोलला तो ईयोब, हे मित्र नव्हेत. शेवटी त्याला सगळं दुप्पट मिळालं, म्हणजे अखेर व्यवहारच झाला, असं पुष्कळांना वाटतं. मलाही तो शेवट खटकायचा. आता बेचाळिसाव्या अध्यायातला क्रम नीट पाहिला. ईयोब आधी त्या दोष देणाऱ्या मित्रांसाठी प्रार्थना करतो, दिवस पालटतात ते त्यानंतर. त्या प्रार्थनेच्या बदल्यात त्याला काही मिळेल, असं त्याला कोणीही सांगितलेलं नव्हतं. सैतानाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातही हेच चाललं आहे. पाच भाकरींत पाच हजार पुरुष जेवले आणि दुसऱ्या दिवशी लोक येशूला शोधत समुद्रापलीकडे गेले. तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून माझा शोध करता, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. पण आदल्या दिवशी जेवू घालताना त्याने कोणाचा हेतू तपासला नव्हता. पुढे त्याचं बोलणं कठीण वाटून बरेच शिष्य परत फिरतात, तेव्हा तो आपल्या निवडलेल्या बारा शिष्यांना विचारतो, तुम्हीही जाणार का? त्यांच्यातला पेत्र म्हणतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? हे काही उदात्त उत्तर नाही. तेही गरजवंताचंच आहे. फक्त त्याची गरज आता भाकरीपलीकडे गेली आहे.

देवावरच्या प्रेमात स्वतःसाठी काही मागावं का, यावरून सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मोठा वाद झाला होता. आर्चबिशप फेनेलोन यांनी असं प्रेम वर्णिलं ज्यात बक्षिसाची आशा नाही, शिक्षेचं भय नाही, स्वतःच्या तारणाचाही विचार नाही. बिशप बोस्युए यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि १६९९ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी फेनेलोन यांची २३ विधानं दोषी ठरवली. फेनेलोन यांनी तो निर्णय मानला. माझं मन त्यांच्याकडे ओढ घेतं, तरीही त्या निर्णयाने मला हायसं वाटतं. विश्वास आणि प्रीतीबरोबर प्रेषित पौलाने आपल्या पत्रात आशाही टिकणारी म्हटली आहे. देवाकडून मला काहीच नको, असं म्हणणाऱ्या माणसाला देवाची गरज तरी कशी भासेल? फेनेलोन यांच्या पाचशेहून अधिक वर्षं आधी क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड जास्त दयाळूपणे बोलला होता. माणूस आधी स्वतःवरच प्रेम करतो, मग अडचणीत सापडून स्वतःसाठी देवावर, आणि देवाची गोडी कळली की देवासाठी देवावर. त्यापुढची पायरी, देवासाठीच स्वतःवर प्रेम करणं, या जन्मात कोणाला पूर्णपणे साधेल का, याची त्यालाही शंका होती.

येशूच्या दृष्टांतातल्या, बापाची मालमत्ता उडवून बसलेल्या उधळ्या पुत्राकडे मी आता याच नजरेने पाहते. तो बापाच्या आठवणीने परतला नाही. बापाच्या मोलकऱ्यांना पोटभर भाकरी मिळते आणि मी इथे उपाशी मरतो आहे, हा हिशेब करून उठला. मला मोलकरी म्हणून ठेवा, हे वाक्यही त्याने निघण्याआधीच तयार केलं होतं. बापाने त्याला दुरून पाहिलं, धावत जाऊन मिठी मारली, मुके घेतले. मग मुलाने पापाची कबुली दिली, पण मोलकऱ्याचं वाक्य काही त्याच्या तोंडून आलं नाही. त्याआधीच बापाने झगा आणायला सांगितला. अट घालायची ती मुलगाच घालून आला होता, बापाकडे अट नव्हतीच. घरी राहिलेला थोरला भाऊ मात्र वर्षं मोजतो आणि न मिळालेलं करडू मोजतो. दोघांच्याही मनात स्वार्थ होता, पण धाकट्याला मिठी मारली गेली आणि त्याने ती मारू दिली. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, हे पौलाचं वाक्य मला याच गोष्टीमुळे कळतं.

म्हणूनच, दान द्या म्हणजे देव दुप्पट देईल, असं व्यासपीठावरून सांगितलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं. भुकेलेली माणसं देवाकडे आली, यात काही वावगं नाही. त्यांना भुकेवरच अडवून ठेवणं वाईट. आणि मागितलेलं मिळालं नाही की दोष त्यांच्याच माथी येतो. माझ्या एका मैत्रिणीचा नवरा बरा झाला नाही, तेव्हा तुझा विश्वास कमी पडला असं तिला सांगण्यात आलं. ती अजून उपासनेला येते, स्तुतिगीतं गात नाही, पण येते आणि देवावर रागावते. माझ्या लेखी तिचा विश्वास आमच्यापैकी कोणाहूनही कमी नाही, आणि यापुढे तिला कोणी ते वाक्य ऐकवलं तर मी मध्ये बोलणार आहे.