डार्कटेबल अपडेट: हरवलेली कॅश सापडली!!

सापडलं एकदाचं. मागच्या वेळी सांगितलेलं आठवत असेल, डार्कटेबल या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरची लायब्ररी डीबी (फोटोंची नोंद ठेवणारी डेटाबेस फाइल) नव्या एनव्हीएमईवर, म्हणजे फास्ट एसएसडीवर नेली आणि लाइटटेबल (सगळे फोटो एकत्र दिसतात तो भाग) पळायच्या ऐवजी अजूनच रांगायला लागलं, भिगवणचे फ्लेमिंगो स्क्रोल करावेत तर नुसते करडे चौकोन आणि सीपीयूचा फॅन बोंबलतोय. मेमरीचं रिसोर्सेस सेटिंग 'लार्ज' करून झालं, ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डकडून काम करून घेणं) बंद-चालू करून झालं, ढिम्म फरक नाही.

मग कॅशचं, म्हणजे तयार थंबनेल साठवायचं फोल्डरच उघडलं. आत एक सोडून दोन मिपमॅप्स (थंबनेलची फोल्डरं)! दोघांच्या नावाला ती लांबलचक हेक्सची शेपटी, पण वेगवेगळी. एक गच्च भरलेलं, दुसरं जवळजवळ रिकामं. सोर्स चाळल्यावर कळलं की शेपटी म्हणजे लायब्ररी डीबीच्या पूर्ण पाथचा शा-१ हॅश (पाथवरून गणित करून काढलेला ठरावीक लांबीचा कोड). पाथ बदलला की हॅश बदलला, की डार्कटेबल नवं फोल्डर काढून सगळे थंबनेल पहिल्यापासून बनवत बसतं. आणि डिस्कवरची कॅश ते स्वतःहून पुसत नाही, म्हणून जुनं तसंच जागा अडवून पडलेलं. जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे बोट दाखवणारा शॉर्टकट) टाकून बघितली, पण हॅश काढायच्या आधी ते खरा पाथ शोधतं, त्यामुळे ती पळवाट बंद.

पण आतल्या जेपेगना नाव म्हणजे नुसता इमेज आयडी. डीबी तीच, म्हणजे आयडीही तेच, मग प्रॉब्लेम काय? डार्कटेबल बंद केलं, रिकामं फोल्डर उडवलं, त्याचं नाव जुन्याला दिलं, परत चालू केलं... अख्खा थवा एका झटक्यात हजर! दहा मिनिटं उगाच वर-खाली स्क्रोल करत बसलो होतो.

आता राहिलं कलिंग, म्हणजे चांगले फोटो ठेवून बाकीचे गाळणं. फुल प्रिव्ह्यूला झूम केलं की अजून अडखळतं. फुल प्रिव्ह्यूचा डिस्क बॅकएंड (ते प्रिव्ह्यू डिस्कवर साठवणारं सेटिंग) चालू केलाय, जागा बरीच खातो पण खाऊ दे. कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइल्स मात्र जुन्या यूएसबी हार्ड डिस्कवरच राहणार आहेत, एवढ्या टीबीची एसएसडी घेणं मला तरी पटत नाही, डीबी आणि कॅश फास्ट डिस्कवर असली की माझं काम भागतं.

प्लॅन असा होता की जनरेट-कॅश (थंबनेल आधीच बनवून ठेवणारी डार्कटेबलची कमांड) मॅक्स-मिप, म्हणजे सगळ्यात मोठा थंबनेल साइज, ५ लावून (म्हणजे २५६० बाय १६००, डिफॉल्ट २ वर फक्त ७२० बाय ४५० पर्यंतच बनतात) रात्रभर सगळ्या लायब्ररीवर सोडायचं. पण हे टाइप करतानाच सुचलं, त्याला मिन-आयएमजीआयडी (कुठल्या इमेज आयडीपासून सुरू करायचं ते) पण देता येतो की! मग जुनी लग्नं-बारशी कशाला दळत बसू, या सीझनचा पहिला आयडी बघतो आणि तिथून पुढचेच करतो. बॅकग्राउंड थंबनेलवालं सेटिंग तोवर बंद ठेवतोय, दोन्ही एकदम चालवून डिस्कला धाप लावायची नाहीये.