वडिलांच्या मिलमधे कॉफी प्यायला कशी काय जाता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ऑफिसात, लग्नकार्यात, सोसायटीच्या गणपतीत, कुठेही विषय निघाला की माझे वडील पुण्यातल्या राजा बहादूर कापड मिलमधे कामाला होते, की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. "अय्या, तिथे तर आता पब आहेत ना? तुम्ही गेलायत? कसंतरी नाही होत?" मी गेलेय, पाच-सहा वेळा गेलेय आणि परत जाणार आहे.

पहिल्यांदा भाची घेऊन गेली, तिच्या पहिल्या पगाराची पार्टी होती. आम्ही मंगळवार पेठेतले, त्यामुळे रस्ता पाठ. जुना बाजार, शाहीर अमर शेख चौक, मग आरटीओ आणि तिथून स्टेशनच्या मागच्या अंगाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, हाच रस्ता रोज चालत जायचे, सातच्या पाळीला. भाचीने रिक्षावाल्याला सांगितलं 'द मिल्स', मिलच्या आवाराचं हल्लीचं नाव, आणि तो बरोब्बर घेऊन गेला. मला तिथेच बरं वाटलं खरं तर, की नाव निदान राहिलंय. मुंढव्याचं बघा ना, कारखान्यांचं गाव ते, आता फ्लॅट विकणारे त्याला कोरेगाव पार्क अॅनेक्स म्हणतात, म्हणजे गावाचं स्वतःचं नावसुद्धा शेजाऱ्याकडून उसनं आणायचं. आमच्या मिलच्या रस्त्याला अजून राजा बहादूर मिल रोडच म्हणतात, पंचतारांकित हॉटेलच्या पत्त्यातसुद्धा तेच येतं.

तर ही मिल १८९३ सालची. प्लेगच्या वेळचा इंग्रज अधिकारी रँड, त्याचा खून झाला १८९७ ला, त्याच्याही चार वर्षं आधीची, म्हणजे पुण्यात प्लेग यायच्या आधीपासून तिथे सूत निघत होतं. इथेच का, तर शेजारी रेल्वे. पुण्यात रेल्वे आली १८५८ ला, कापसाच्या गासड्या मालगाडीतून उतरवायच्या आणि तयार माल तिथूनच पाठवायचा, दुसरं कारण शोधायला नको. पण पुण्यात मिल कामगार होते हेच अर्ध्या पुण्याला माहीत नसतं. मिल म्हटलं की सगळ्यांना गिरणगाव आठवतं, ८२ चा संप आठवतो, दत्ता सामंत आठवतात, आणि मला विचारतात "तुमचे वडील संपात गेले का हो?" नाही हो. तो मुंबईचा संप, अडीच लाख माणसं होती त्यात. अण्णा पुण्याचे, नोकरी पूर्ण करून रीतसर रिटायर झाले. पुण्यातला कामगार म्हणजे खडकी नाहीतर पिंपरी-चिंचवड, सगळा इंजिनिअरिंगवाला असं लोकांनी ठरवून टाकलंय, आणि स्टेशनच्या मागे उभं आयुष्य सुतात घालवलेली माणसं कुणाच्या हिशेबातच नाहीत. मला दुखतं ते हे.

आता आत गेल्यावर काय होतं ते सांगते. भाची म्हणाली "मावशी, सीलिंग बघ किती उंच आहे, काय मस्त एअरी वाटतं." बरोबर आहे तिचं. पण मिलमधे छत उंच असतं ते यंत्रांच्या उष्णतेसाठी आणि उडणाऱ्या रुईसाठी, आणि हवा खेळती तर मुळीच नसायची, खिडक्या बंद ठेवाव्या लागायच्या कारण वारा लागला की धागा तुटतो. अण्णा रिंग खात्यात होते. म्हणजे जाड पेळूसारखी वात वरून येते, ती ओढून, पीळ देऊन खाली बाबीनवर सूत गुंडाळलं जातं, अशा शेकडो बाबिनी एका ओळीत फिरत असतात आणि माणूस दोन ओळींच्या मधून पूर्ण पाळीभर चालत असतो. कुठे धागा तुटला की चालत्या यंत्रावर बोटांनी सांधायचा, क्षणभरात. बसायचा प्रश्नच नाही.

पुण्याची हवा उन्हाळ्यात किती कोरडी ते आपल्याला माहितीये, ओठ फुटतात. सुताचं तसंच होतं, कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं आणि पटापट तुटतं, म्हणून सूतखात्यात मुद्दाम हवेत बारीक पाण्याचे फवारे सोडतात. अण्णा म्हणायचे धाग्याला आपल्यापेक्षा जास्त तहान लागते. गेल्या एप्रिलमधे मी मैत्रिणींबरोबर शहरातल्या एका उघड्या रेस्टॉरंटमधे बसले होते आणि वरच्या पंख्यातून गार तुषार यायला लागले, गिऱ्हाइकांना उकडू नये म्हणून लावतात ना हल्ली, तसे. सगळ्याजणी आहा करत होत्या आणि मला एकदम अण्णा घरी यायचे ते आठवलं, भुवयांवर पांढरी रुई आणि शर्ट ओलसर. आई दारातच टॉवेलने झटकायची. घरात आल्यावरही मोठ्याने बोलायचे, यंत्रांच्या आवाजात दुसरं काही चालायचं नाही, खात्यात तर अर्धं बोलणं हाताच्या खुणांनी. पाणी हवंय, मुकादम येतोय, बाबीन भरली, सगळ्याला खूण. आम्हा भावंडांनाही त्या खुणा यायच्या, शाळेत वर्गात वापरायचो.

आणि एक गोष्ट मी तिथे प्रत्येक वेळी करते, बाहेर पडायचे दरवाजे मोजते. कापूस म्हणजे आग, बिडी-काडी मिलच्या गेटवरच काढून ठेवायची हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिल आवारात पबला आग लागली, १४ जण गेले, तेव्हा मी रात्रभर टीव्हीसमोर होते. मिलच्या जागेत हॉटेल काढताय तर मिलचा हा नियम आधी घ्या, सजावट नंतर. जिथे जाईन तिथे मॅनेजरला विचारते, वेटर मुलांना विचारते. हसतात, पण दाखवतात.

तर कसंतरी होतं का? पब असल्याचं नाही होत. मुलं हसतायत, गाणी चालू आहेत, कुणाचातरी वाढदिवस आहे, त्यात अण्णांचा कसला अपमान? मोठाले कारखाने पार पाडून तिथे टॉवर उभे राहिलेले मी पाहिलेत, तिथे तर हात लावायला एक भिंत उरलेली नसते. इथे भिंत आहे. फक्त प्रत्येक इमारतीवर एक साधी पाटी हवी, मराठीत. इथे अमुक खातं होतं, इथे गासड्या उतरायच्या, पाळी अमुक वाजता सुटायची. एवढं वाचायला दोन मिनिटं लागतात, आणि टेबल मिळेपर्यंत लोक अर्धा-अर्धा तास उभेच असतात की.

पाटी होईल तेव्हा होईल, तोवर मी एका वहीत शब्द लिहून ठेवतेय. सांधणं, बाबीन, गासडी, बदलीवाला, मुकादम, आणि त्या खुणा, त्यांची चित्रं भाची काढून देते. साडेतीनशेच्या वर झालेत. खुणा मात्र सतराच आठवल्या, धाकट्या भावाला आणखी दोन आठवतात पण त्यांचा अर्थ आम्हा दोघांनाही लागत नाहीये. एकीत अंगठा कानाच्या पाळीला लावून हात खाली सोडायचा. तुमच्या घरी कुणी पुण्यातल्या मिलमधे असेल तर त्यांना ही करून दाखवा आणि काय म्हणतात ते मला कळवा.