टिपरू मनगटातून!
यंदा तिसऱ्यांदा गुलमर्गला स्कीइंगला गेलो आणि तिसऱ्यांदा त्याच गोष्टीवरून बोलणी खाल्ली. छोटी वळणं घेताना माझे खांदे फिरतात.

मोठी वळणं जमतात. पण वाट अरुंद झाली, लागोपाठ वळायची वेळ आली की माझी बोंब. अख्खं अंग वळवतो, टाचा ढकलून स्कीची शेपटी फरफटवतो. वेग आवरत नाही, मग घाबरून मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्कीची टोकं ऐकेनाशी होतात. गंडोल्याच्या, म्हणजे तिथल्या रोपवेच्या, पहिल्या टप्प्यावर, कोंगडोरीला, ३,००० मीटरच्या वर एक स्की पायातून सुटून तिथेच राहिली, मी खाली. भाड्याची १७० सेंटिमीटरची स्की लांब पडते म्हणावं, तर पुरुषांच्या स्लॅलम, म्हणजे छोट्या वळणांच्या, शर्यतीतही किमान १६५ ची लागते. म्हणजे तीही सबब गेली.

स्की शिकवणारे उस्ताद एकच सांगत होते, "छाती नीचे की तरफ, सिर्फ टाँगें घुमाओ." ऐकू येत होतं, अंगात उतरत नव्हतं.

रात्री कांगडीवर हात शेकताना ढोल आठवला. गणपतीत आमच्या पथकात कमरेला ढोल बांधला की छाती आपोआप समोर राहते, खाली पाय हवे तसे पडतात. आणि नवी पोरं खांद्यातून टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, हाणतात तेव्हा "मनगटातून रे!" म्हणून ओरडणारा मीच. मग स्कीची काठी बर्फात रोवताना माझा हात खांद्यापासून कशाला फिरत होता?

दुसऱ्या दिवशी पोटावर ढोल आहे असंच धरून उतरलो. दोन्ही हात पुढे, नडग्या बुटाच्या जिभेवर दाबलेल्या. उजवी काठी मनगटानं नुसती टेकवायची, तिच्याभोवती उजवीकडे वळायचं, मग डावी. घाई मात्र करायची नाही. वळण पुरतं गोल होऊन वेग उतरला की मगच पुढचा ठोका. मी आधी नेमका इथेच ठेका पळवत होतो. सलग अकरा वळणं निघाली. बाराव्याला पडलो, पण खांदे उताराकडेच होते!

आता नाशकात बर्फ कुठला? मोजे घालून हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर उभा राहतो, हातात दोन टिपरं, छाती टीव्हीकडे. मांड्या खुब्यात फिरवायच्या, कंबर हलू द्यायची नाही. दहा मिनिटांत मांड्या भरून येतात.

आई काल बराच वेळ बघत होती. म्हणाली, "नाचतोयस तर पायाखाली फडकं तरी घे, फरशी पुसून होईल."