दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये

पन्नास मिनिटं लागली होती. मांडीवर, खांद्यावर, मग येरझाऱ्या, मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावून त्याच्या घरघरीखाली उभं राहणं. शेवटी बाळीच्या पापण्या मिटल्या. तिला अलगद फुतोनवर, म्हणजे जमिनीवरच्या गादीवर ठेवलं, मानेखालचा हात इंचाइंचाने सोडवला, आणि पिंपोन!

इथे जपानमध्ये दाराची बेल ‘पिंपोन’ अशीच वाजते आणि तिला म्हणतातही पिंपोनच. आई असती तर धावत जाऊन दार तिनेच उघडलं असतं. पण तिचा नव्वद दिवसांचा व्हिसा संपून ती परत गेली त्याला आठवडा झाला होता. नवरा ऑफिसात. घरात मी, अडीच महिन्यांची बाळी, आणि दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात टाय लावलेला एक हसरा माणूस.

तो म्हणाला, “आइसात्सुला आलोय.” आइसात्सु म्हणजे नमस्कार-चमत्कार. जपानमध्ये नवं बिऱ्हाड आलं की ते शेजाऱ्यांना छोटा टॉवेल किंवा साबण देऊन ओळख करून घेतं. मला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणी राहायला आलं असेल. मी दार उघडलं. त्याच्या हातात साबणचुऱ्याचा डबाही होता. डबा आधी माझ्या हातात आला आणि मग बॅगेतून वर्तमानपत्राचा फॉर्म निघाला.

आतून बाळीचं रडणं सुरू झालं होतं. मी म्हणाले, “केक्को देसु.” जपानीच्या क्लासात शिकवलं होतं की नम्रपणे ‘नको’ म्हणायचं असेल तर हे म्हणायचं. हेच शब्द ‘छान आहे’ या अर्थानेही वापरतात, हेसुद्धा शिकवलं होतं, पण ते तेव्हा कुठलं आठवायला. आपल्या ‘असू दे’सारखं आहे ते. पाहुण्याने आणलेला पुडा बघून ‘असू दे, असू दे’ म्हटलं की तो ठेवायचा की परत न्यायचा, हे चेहरा बघून ठरवावं लागतं. या गृहस्थाने माझा चेहरा सोयीने वाचला. रडणं वाढत गेलं आणि ते थांबवण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता म्हणून मी सही करून टाकली. ज्याचा मथळासुद्धा मला धड वाचता येत नाही, असा पेपर सहा महिने.

(हो, मी. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी मी.)

संध्याकाळी नवरा हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर विचारलं, “कागद हातात पडून किती दिवस झाले?” म्हटलं, आजच. “मग काळजी नको. आठ दिवस आहेत.”

आता या आठ दिवसांचं मला थोडं जास्तच कौतुक करू द्या. दारावर येऊन केलेला करार इथे कायद्यानेच कागद मिळाल्यापासून आठ दिवसांत मोडता येतो. कारण सांगायचं नाही, दंड नाही, वस्तू परत पाठवायची तर खर्च विकणाऱ्याचा. एका पोस्टकार्डावर कराराची तारीख, काय घेतलं, कुणाकडून घेतलं आणि ‘मी हा करार रद्द करत आहे’, एवढं लिहून टाकलं की झालं. २०२२ च्या जूनपासून तर ईमेलही चालतो, पण बाई म्हणाल्या कार्डच टाका. बाळीला पोटाशी बांधून मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स दहा-दहा येनला काढल्या आणि पोस्टात नोंद करून कार्ड टाकलं. त्याच कायद्यात असंही आहे की विक्रेत्याने आधी आपलं नाव, दुकान आणि ‘विकायला आलोय’ हे सांगायचं, आणि एकदा नको म्हटलं की पुन्हा गळ घालायची नाही. म्हणजे माझ्या हसऱ्या माणसाचा ‘आइसात्सु’ तिथेच नापास. अडचण आली तर फोन करायला देशभर एकच नंबर आहे, १८८. जपानीत आकड्यांवरून शब्द जुळवायची हौस फार. एकचा इ, आठचा या, म्हणून तो नंबर ‘इयाया’. अर्थ साधारण ‘मला नको बाई!’ सरकारी नंबर अय्या म्हटल्यासारखा लाडिक, हे इथेच होऊ शकतं.

पेपर आला नाही. साबणचुऱ्याचा डबा मात्र न्यायलाही कुणी आलं नाही. तो महिनाभर चपलांच्या कपाटावर बसून माझ्याकडे बघत होता.

पुण्याच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हे लिहिलं तर लगेच सूर निघाला, ‘बघा, नाहीतर आपल्याकडे!’ तेव्हा मात्र मला राग आला. आपल्याकडेही २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत लिहिलंय की घरी येणाऱ्या विक्रेत्याने ओळखपत्र दाखवायचं आणि आधी वेळ घेऊन यायचं. कुणी दाखवतं का, हा प्रश्न वेगळा. आणि खरं सांगू का, आपल्याकडे फसून सही करायची वेळच येत नाही. आपण दाराची साखळीही न काढता आतूनच ‘नकोय’ म्हणतो. कायदा त्यांना लागतो, कारण त्यांना नाही म्हणता येत नाही. हे मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. सही मी केली होती, हे कुणीतरी लगेच दाखवून दिलंच.

शंभर येनच्या दुकानात ‘सेल्स ओकोतोवारी’, म्हणजे विक्रेत्यांना मनाई, असा स्टिकर मिळाला. ‘बाळ झोपलंय’वालाही होता, त्यावर एक डुलकी घेणारं अस्वल. पण माझं माहेर सदाशिव पेठेत. छापील स्टिकरने आमचं समाधान व्हायचं नाही. मी पांढऱ्या कार्डावर स्वतः पाटी लिहायला घेतली: बाळ झोपले आहे, दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. नवऱ्याने जपानी तपासायला घेतलं आणि त्यात ‘आपणांस तसदी देत आहोत याबद्दल क्षमस्व’, ‘कृपया समजून घ्यावे’, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ असं घालत घालत पाटीचं निमंत्रणपत्र केलं. सात ओळी! पेठेत सात ओळींची पाटी लावली असती तर लोक वाचायला थांबले असते आणि वाचून बेल वाजवली असती.

पाटीचा परिणाम चौथ्या दिवशी दिसला. चारला पाच कमी असताना मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली सायकलींच्या स्टँडपाशी एक पोरगेलासा मुलगा दोन पायांमध्ये बॅग धरून उभा. घड्याळ बघतोय. चारला बरोबर पिंपोन. इंटरनेटचं कनेक्शन विकायचं होतं. आधी नाव सांगितलं, कंपनी सांगितली, बाळ उठलं का म्हणून विचारलंही. मी या वेळी घोकून ठेवलेला शब्द वापरला, ‘इरिमासेन’, म्हणजे सरळ नको. कमरेत वाकून, माफी मागून तो गेला. इतका आनंद मला ड्रायव्हिंग लायसन्स मिळाल्यावरही झाला नव्हता.

तो आनंदच नडला. त्यानंतर मी इरिमासेन म्हणतच सुटले. पुढच्या मंगळवारी सव्वाचारला बेल वाजली, कॅमेऱ्यात भली मोठी बॅग घेतलेल्या एक बाई. “कोन्निचिवा, आकाचान…” म्हणजे ‘नमस्कार, बाळ…’ एवढंच त्यांनी म्हटलं आणि मी म्हटलं नको. बटण बंद.

तासाभराने पेटीत चिठ्ठी सापडली. त्या वॉर्डाकडून आलेल्या सुईणबाई होत्या. इथे बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत प्रत्येक घरी सरकारचं कुणीतरी येऊन जातं. २००९ पासून ते कायद्यातच आहे आणि त्या योजनेचं लाडाचं नावच ‘कोन्निचिवा आकाचान’. जन्माची सूचना द्यायचं कार्ड वॉर्डला मीच पाठवलं होतं. शून्य-तीनने सुरू होणाऱ्या नंबरवरून तीन मिस्ड कॉल होते, तेही मी विक्रेत्याचे समजून सोडले होते. आता कुणी म्हणेल, नीट ऐकून तर घ्यायचं. पण रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईने बंद दारामागून कुणाचं काय ऐकून घ्यावं? चूक माझी नव्हती असं नाही, पण निम्मी त्या हसऱ्या माणसाची होती, यावर मी ठाम आहे.

गुरुवारी त्या पुन्हा आल्या. पिंपोन नाही. बोटांच्या पेरांनी दारावर दोनदा, कोन कोन. वजनकाटा बॅगेतून काढून त्यांनी जमिनीवर ठेवला, वर स्वतःचा मऊ टॉवेल पसरला, बाळीला उघडी करून ठेवलं, आणि आकडेमोड करून म्हणाल्या, “रोज अठ्ठावीस ग्रॅम. छान. केक्को देसु.” या वेळी अर्थ कळला.

मग माझ्यापुढे दहा प्रश्नांचा इंग्रजी कागद आला, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं याचा. पाचवा प्रश्न: विशेष कारण नसताना भीती वाटली, घाबरायला झालं? मी म्हटलं, कारण होतं, बेल. त्या हसल्या, पण कागद पुढे सरकवला नाही. माझ्याकडे बघत थांबल्या. मला एकाएकी रडूच आलं. त्यांनी बाळीला घेतलं आणि म्हणाल्या, चहा गरम आहे तोवर पिऊन टाका.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “त्यात काय, आपल्याकडेही आशाताई जातात.” बरोबरच आहे. जन्मापासून बेचाळीस दिवसांत सहा वेळा जातात, बाळंतपण घरी झालं असेल तर सात वेळा. जपानपेक्षा पाच जास्तच. आमच्या वहिनीच्या वेळी पेठेत कुणी आलेलं मला आठवत नाही, पण ते मी आईला म्हटलं नाही. वाद कशाला.

तेवढ्यात तिकडची बेल वाजली. पुण्यात दुपारचा दीड. “थांब हं, कुणीतरी आलंय,” म्हणत आईने फोन पलंगावर टाकला. मला छत दिसत होतं. ऐकू येत होतं: केरसुण्या घ्या. नको म्हटलं ना. बरं, बसा जरा, पाणी घ्या. कुठल्या तुम्ही? भोरच्या? अगंबाई.

वीस मिनिटं झाली, आई आली नाही. फोनमध्ये माहेरचा पंखा गरगरत होता, एका पात्यावर जळमट लोंबत होतं. बाळी त्याच्याकडे टक लावून बघत होती. बघता बघता झोपली.